पाचव्या दिवशीचं वाचन

पुस्तक माझ्या हातून कुणी घेतलं नाही. ते टेबलावर ठेवा, असं मला सांगण्यात आलं.

गुरुवार होता. दुसरी 'ब'चा वर्ग, सव्वाअकराचा तास. सत्तावीस मुलं सतरंजीवर बसली होती आणि मी त्यांच्यासमोर एका बुटक्या स्टुलावर. ती स्टुलं सात वर्षांच्या मुलांच्या मापाची. माझे गुडघे छातीपर्यंत येतात आणि मुलांना दर गुरुवारी त्याचं नव्यानं हसू येतं. गोष्ट हत्तीच्या पिल्लाची होती. कळप नदी ओलांडून पलीकडे गेलेला. पिल्लू अलीकडे एकटं, पाण्याला घाबरून उभं. मी पान उलटायला बोट लावलं होतं.

"सर, एक मिनिट."

दारात लता मॅम होत्या, आमच्या शाळेच्या प्राथमिक विभागाच्या प्रमुख. त्यांच्यामागे केतकी. केतकी म्हणजे याच वर्गातल्या ईशानची आई. मूळची पुण्याची, इथे बंगळूरला महादेवपुऱ्यातल्या एका कंपनीत नोकरीला, आणि गुरुवारच्या वाचनाला मदत करायला येणाऱ्या पालकांपैकी एक.

मला वाटलं, काही निरोप असेल. मी उठलो आणि पुस्तक केतकीपुढे धरलं, म्हणजे तेवढ्यात ती पुढचं पान वाचेल. याआधी दोन-तीनदा असं झालं होतं.

ती अर्धं पाऊल मागे सरली.

"तिथेच ठेवा ना, सर. टेबलावर."

मी ठेवलं. खिडकीत सॅनिटायझरची बाटली असते. करोनाच्या काळापासून ती तिथे आहे, हल्ली तिला कुणी हात लावत नाही. केतकीनं ती घेतली, कागदी रुमाल ओला केला आणि माझ्यादेखत पुस्तकाचं कव्हर पुसलं. आधी वरून, मग पालथं करून. मग तिनं स्टुलाकडे पाहिलं. स्टूल पुसलं नाही. नुसतं पाहिलं, आणि पहिल्या रांगेतल्या ईशानला म्हणाली, "बाळा, तू मागे बस."

एका मुलीनं विचारलं, "सर, पिल्लू?"

मी काही बोललो नाही. बाहेर आलो.

व्हरांड्यात केतकी हळू आवाजात बोलली. आजारी माणसाशी बोलावं तसं. तुमच्या बाबांचं कळलं, फार वाईट वाटलं, म्हणाली. पण रविवारी ईशानची मुंज आहे, तुम्ही समजून घ्याल. मग तिनं अंगठ्यानं बोटांवर दिवस मोजले. रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार.

"आज पाचवाच दिवस ना?"

मी हो म्हणालो.

"तुमच्यात किती दिवस पाळतात?"

हा प्रश्न मी लहानपणापासून ओळखतो. तो वेगवेगळ्या कपड्यांत येतो. गाव कुठलं, आडनाव मूळचं कुठलं, कुलदैवत कोणतं, तुमच्यात लग्नाला काय काय असतं. प्रत्येक वेळी माझ्याकडे एक गुळगुळीत उत्तर तयार असायचं. त्या दिवशी नव्हतं. चार रात्री मी धड झोपलो नव्हतो. मी खरं बोललो, पण ते धैर्य नव्हतं. थकवा होता.

"आमच्यात पाळत नाहीत."

तिनं माझ्या डोक्याकडे पाहिलं. डोक्यावर केस होते. बाप जाऊन पाच दिवस झालेल्या मुलाच्या डोक्यावर, तेल लावून विंचरलेले केस. ते तिनं वर्गाच्या दारातूनच पाहिले असणार. प्रश्न खात्री करून घेण्यापुरता होता.

"अच्छा," ती म्हणाली.

बस, एवढंच.

मी थोडं वाचलेला माणूस आहे. ज्या शास्त्राच्या आधारानं तिनं पुस्तक पुसलं, त्या शास्त्रातही सुतक घरच्यांना असतं. शेजाऱ्याच्या मुलाला ते लागत नाही, वर्गातल्या पुस्तकाला लागत नाही. शाळेत गेल्या वर्षी एका शिक्षिकेचे सासरे गेले. त्या सातव्या दिवशी परीक्षेचे पेपर द्यायला येऊन गेल्या. त्यांनी दिलेले गठ्ठे कुणी पुसले नाहीत. म्हणजे केतकीनं जे पुसलं ते सुतक नव्हतं. ते काय होतं, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

मी आठवी ते दहावीला इतिहास शिकवतो. शाळा व्हाइटफील्डच्या बाजूला आहे. इथे एक रीत आहे: आठवड्यातून एकदा वरच्या वर्गांचे शिक्षक प्राथमिकच्या वर्गात जाऊन मुलांना गोष्ट वाचून दाखवतात. बहुतेक शिक्षक टाळतात. त्यांना तो तास फुकट गेल्यासारखा वाटतो. मला दुसरी 'ब' मिळाली आणि मी एकही गुरुवार चुकवला नाही.

मला फारसं बोलता येत नाही. दहावीची मुलं म्हणतात, सर फळ्याशी बोलतात. खरं आहे ते. पण त्या बुटक्या स्टुलावर बसून पुस्तक उघडलं की माझ्या तोंडून एक आवाज निघायचा जो मला ओळखीचा होता. तो माझ्या वडिलांचा होता.

बाबा वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून विसाव्या वर्षी बंगळूरला आले, एका सरकारी कारखान्यात हेल्पर म्हणून लागले आणि रंगारी म्हणून निवृत्त झाले. आम्ही राजाजीनगरला राहायचो. आमच्यासारखी नागपूर-वर्ध्याकडची दहा-बारा बौद्ध कुटुंबं त्या भागात होती. वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्यातले, तीन महिने रोज संध्याकाळी एकाच्या घरी सगळे जमायचे आणि धम्मग्रंथाचं वाचन व्हायचं. वाचायचे बाबा. सातवी शिकलेला माणूस. ओळीखाली बोट ठेवून वाचायचे, एक परिच्छेद झाला की थांबायचे आणि सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे एकदा पाहायचे. कुणाला कळलं नसेल तर न विचारता पुन्हा वाचायचे. मी त्या आवाजात वाढलो.

गेल्या वर्षी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. त्यानंतर ते पाटीवर लिहून बोलत. दर बुधवारी संध्याकाळी मी दुसऱ्या दिवसाची गोष्ट त्यांना वाचून दाखवायचो. कासवाची, ढगांची, हरवलेल्या चपलेची. ते डोळे मिटून ऐकायचे आणि मग पाटीवर खडूनं लिहायचे. 'हळू.' 'आधी चित्र दाखव, मग वाच.' एकदा लिहिलं, 'वाघ असा मिळमिळीत नसतो.' शनिवारी, जायच्या आदल्या दिवशी, त्यांनी लिहिलं, 'गुरुवारी काय?' मी म्हणालो, हत्तीचं पिल्लू. त्यांनी मान हलवली.

रविवारी सकाळी ते गेले. संध्याकाळी अंत्यविधी झाला. सोमवारी घरी त्रिशरण-पंचशील झालं, माणसं बसली, बोलली, गेली. आमच्यात तेरा दिवस कोपऱ्यात बसत नाहीत. गुरुवारी सकाळी आईनं मला डबा करून दिला. जाऊ नको, असं तिच्या मनातही आलं नाही.

पण शाळेनं रविवारीच सगळ्या शिक्षकांना आणि पालकांना दुःखद बातमीचा मेल पाठवला होता. तो शाळेचा शिष्टाचार आहे. त्यामुळे प्रत्येकाला तारीख माहीत होती. मी कितव्या दिवशी आणि कोणत्या डोक्यानं आलो, हे मोजणं सोपं होतं. ही गोष्ट माझ्या लक्षातच आली नाही. चार वर्षं इतकं सांभाळून राहिलो, आणि बापाच्या मरणात मी माझेच केस विसरलो.

चार वर्षं. हे लिहिलंच पाहिजे, कारण इथे माझा वाटा आहे.

माझं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर' असलेलं. त्यावरून काही कळत नाही. केतकी पहिल्यांदा भेटली तेव्हा तिला केवढा आनंद झाला होता. "अय्या, मराठी सर! इथे मुलांच्या कानावर मराठीच पडत नाही हो." मग दिवाळीला चिवडा आला, होळीला पुरणपोळ्या. ती 'आपल्याकडे' म्हणून बोलायची. आपल्याकडे असं असतं ना, आपल्याकडे तसं करतात ना. मी मान डोलवायचो. मुंजीची पत्रिका द्यायला आली तेव्हा म्हणाली, तुम्ही म्हणजे ईशानचे गुरूच, तुम्ही यायलाच हवं. मी पत्रिका घेतली. ती एकदा घरी येईल म्हणाली, तर आदल्या दिवशी मी हॉलमधला कोटातल्या माणसाचा फोटो काढून आतल्या खोलीत लावला. ती आलीच नाही. फोटो आतच राहिला. बाबा तेव्हा खाटेवर होते. त्यांनी भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं आणि पाटी उचलली नाही.

गुरुवारी दुपारी लता मॅमनी बोलावलं. त्या कन्नड, माझ्याशी इंग्रजीत बोलतात. वाईट बाई नाहीत. त्यांनी कॉफी मागवली, बाबांची चौकशी केली, मुलांना तुमचा तास फार आवडतो म्हणाल्या. मग मुद्द्यावर आल्या. दोन-तीन पालकांचे निरोप आले आहेत. कुणाच्या घरी मुंज, कुणाच्या घरी लग्न. भावनेचा प्रश्न आहे. त्यांनी माझ्यासाठी सोपा मार्ग काढला होता. तेरावा दिवस होईपर्यंत मी रजेवर राहायचं. एकच गुरुवार बुडेल. त्यानंतर दुसरी 'ब' पुन्हा माझीच.

"आणि..." त्यांनी स्वतःच्या डोक्याला हात लावला. "ते करून आलात की कुणी काही विचारणार नाही. मी सांभाळते. स्वल्प अ‍ॅडजस्ट करा, सर."

म्हणजे त्यांनाही कळलं होतं. आणि त्या मला मदत करत होत्या. पुन्हा लपायला जागा देत होत्या.

मी म्हणालो, "सरी, मॅम."

बरं, मॅम. हे शब्द मी उच्चारले. कुणी गळा धरला नव्हता.

संध्याकाळी केतकीचा संदेश आला. रविवारी यायची तसदी घेऊ नका, तुमची परिस्थिती आम्ही समजू शकतो. पुढे जोडलेल्या हातांचं चित्र.

घरात आता मी आणि आई. ती चाळीस वर्षं बंगळूरला राहिली, भाजीवाल्याशी कन्नडमध्ये भांडते, पण घरात अजून वर्ध्याकडचंच बोलते. ती तूर निवडत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणालो, केसच आहेत, महिन्यात येतील. ती सुपातल्या डाळीत बोटं फिरवत राहिली.

मग विचारलं, "तुह्या बापाचा चकोट आठवते तुले?"

आठवत होता. मी नऊ वर्षांचा होतो. गावाकडे आजी वारली होती. बाबा जाऊन चार दिवसांत परत आले. आम्ही ज्या खोलीत भाड्यानं राहत होतो तिचे मालक मराठीच, तीन पिढ्या बंगळूरमधले. त्यांच्या घरातल्या काकू बाबांना 'अण्णा' म्हणायच्या. बाबांनी त्यांना जात सांगितली नव्हती, त्यांनी विचारली नव्हती. त्या दिवशी काकू जिन्यात उभ्या होत्या. मला त्यांचं वाक्य आठवतं. "अण्णा, आई गेली न तुमची? केस काढले नाहीत?" दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा बाहेर गेले आणि चकोट करून आले. मी खूप हसलो होतो. त्यांच्या डोक्यावर थापट्या मारल्या होत्या. ते हसले नव्हते.

त्या वर्षी वर्षावासात बाबांनी वाचलं नाही. दुसरंच कुणी वाचत होतं. बाबा मागे दाराजवळ बसायचे, डोक्याला रुमाल बांधून. मला सांगितलं होतं की त्यांचा घसा बसलाय.

"घसा नव्हता बसला," आई म्हणाली. "खोली सोडा लागन म्हनून केलं त्यानं. अन मंग सर्व्यायच्या समोर उठून सांगतलं, मी खोट्यात गेलो, मले ग्रंथाले हात लावू देऊ नोका." तिनं डाळीतला एक खडा वेचून टाकला. "केस तर महिन्याभरात आले रे. वाचाले बसाले दोन वर्सं लागले."

मला हे माहीत नव्हतं. सदतीस वर्षांचा होईपर्यंत माहीत नव्हतं.

इथे मला असं लिहायला आवडलं असतं की ते ऐकून मी ठरवलं. तसं झालं नाही. माणूस इतका चटकन सरळ होत नाही. शुक्रवार मी घरात बसून काढला आणि मनात हिशेब मांडत राहिलो. दुसरी 'ब' गेली तर माझ्याकडे काय उरतं? फळा. बाबांचा आवाज जिथे निघायचा ती एकच जागा होती, आणि ती डोक्यावरच्या केसांच्या बदल्यात परत मिळत होती. बाबांनी खोलीसाठी केलं, मी वाचनासाठी करतोय, माझं कारण जास्त चांगलं आहे, असंही मी स्वतःला सांगून पाहिलं.

शनिवारी सकाळी आठ वाजता मी केशकर्तनालयात गेलो. आई दारापर्यंत आली. चहा विचारला नाही.

न्हावी ओळखीचा, मंड्याकडचा. मी खुर्चीत बसलो आणि पूर्ण काढा म्हणालो. त्यानं आरशात माझ्याकडे पाहिलं आणि कन्नडमध्ये विचारलं, वडील का? मी मान हलवली. त्यानं लगेच रेडिओ बंद केला. नवं पातं काढलं, माझ्यासमोर कागद फाडून वस्तऱ्यात बसवलं. माझं डोकं पाण्यानं भिजवलं. फार हळुवार हात होता त्याचा. सात दिवसांत मला इतक्या मायेनं कुणी हात लावला नव्हता.

मग तो थांबला. माझ्या डोक्याच्या मागच्या बाजूला दोन बोटं टेकवून त्यानं विचारलं, "इथे थोडे ठेवायचे का? तुमच्यात कसं असतं?"

शेंडी. काही ठेवतात, काही ठेवत नाहीत. त्याचा काही हेतू नव्हता. त्याच्या कामाचा प्रश्न होता, वस्तरा चालवण्याआधी विचारावाच लागणारा. पण माझ्याकडे उत्तर नव्हतं. खोटंसुद्धा नव्हतं. केतकीच्या घरी कसं असतं, याचा मी विचार करू लागलो. मी, इतिहासाचा शिक्षक, बाप मेल्याच्या सातव्या दिवशी, ओल्या डोक्यानं, दुसऱ्यांच्यात कसं असतं ते आठवत बसलो होतो.

आणि मला पुढचं सगळं दिसलं. आज शेंडी. मग तेराव्याला काय केलंत, कुणाला जेवायला घातलंत. मग वर्षश्राद्ध कधी. मग दर भाद्रपदात, सर, तुमच्या बाबांची तिथी कोणती. मला दर वर्षी बाबांना नवं मरण द्यावं लागणार होतं, त्यांच्या जगण्याशी काही संबंध नसलेलं. एक गुरुवार म्हणाल्या होत्या लता मॅम. तो एक गुरुवार नव्हता.

"बेडा, अण्णा," मी म्हणालो. नको.

तो वस्तरा हातात धरून उभा राहिला. मी अंगावरचा कपडा स्वतःच सोडला. त्यानं विचारलं नाही का. टॉवेल दिला आणि म्हणाला, पर्वागिल्ला, हरकत नाही, बसा दोन मिनिटं, डोकं कोरडं होऊ द्या.

घरी आलो. आईनं ओल्या केसांकडे पाहिलं आणि चहा टाकला. मी आतल्या खोलीतला फोटो काढून हॉलमध्ये त्याच्या खिळ्याला लावला.

सोमवारी रजा रद्द करून शाळेत गेलो. आठवीचा तास संपवून जिन्यातून उतरत होतो तर ईशान समोर आला. मुंज झालेली. डोकं चकचकीत, मागे बोटभर शेंडी, कानापर्यंत येणारी टोपी हातात.

"सर, माझा गोटा बघा."

छान आहे म्हणालो.

"तुमचे केस तर आहेत." जरा नाराज झाला तो. मग माझ्यापासून दोन पायऱ्या लांब थांबून त्यानं विचारलं, "सर, ते हात लावला की लागतं का?"

"काय?"

"तुम्हाला झालंय ते."

मी पायरीवर बसलो. मला काही झालेलं नाही, म्हणालो. माझे बाबा वारले, म्हणून मला वाईट वाटतंय. वाईट वाटणं हात लावून लागत नाही.

त्यानं विचार केला. सात वर्षांची मुलं खरोखर विचार करतात, तो त्यांच्या भुवयांत दिसतो.

"मग आईनं पुस्तक का पुसलं?"

मी म्हणालो, "आईला विचार."

तो टोपी घालून पळाला आणि मी तिथेच बसून राहिलो. मोठ्या माणसांना जे विचारायची माझी हिंमत झाली नव्हती, ते विचारायला मी एका मुलाला पुढे पाठवलं होतं. घरी जाऊन तो विचारणार आणि त्याला काहीतरी उत्तर मिळणार. आणि तेच उत्तर घेऊन तो मोठा होणार. वर्गात सत्तावीस मुलं होती. सत्तावीस मुलांनी पाहिलं की सरांनी धरलेलं पुस्तक पुसायचं असतं, आणि पाहिलं की सर काही न बोलता निघून जातात. पहिली गोष्ट केतकीनं शिकवली. दुसरी मी शिकवली.

त्याच दुपारी मी शिक्षकांच्या खोलीत बसून बाबांच्या निधनाचा तो मेल उघडला आणि सगळ्यांना मिळून उत्तर लिहिलं. इंग्रजीत लिहिलं होतं, इथे मराठीत देतो.

'माझे वडील बौद्ध होते. मी बौद्ध आहे. त्याआधी आम्ही महार होतो. आम्ही सुतक पाळत नाही आणि केस काढत नाही. हे मी या शाळेत चार वर्षं लपवलं. त्याबद्दल मी माझ्या वडिलांचा अपराधी आहे, इतर कुणाचा नाही. गेल्या गुरुवारी दुसरी 'ब'मध्ये माझं वाचन मध्येच थांबवलं गेलं आणि मी हाताळलेलं पुस्तक मुलांसमोर पुसलं गेलं. ते का, हे मला शाळेनं लेखी कळवावं.'

पाठवायचं बटण दाबण्याआधी मी दोनदा खिडकीपर्यंत जाऊन आलो. खोटं कशाला सांगू.

चार जणांनी उत्तर दिलं, चौघांनी फक्त मला. वाईट झालं सर, आम्ही तुमच्याबरोबर आहोत, पण आमचं नाव नको. एका वडिलांनी सगळ्यांना लिहिलं की शाळेसारख्या पवित्र ठिकाणी जात आणू नये. केतकीचा फोन आला. आवाजातला गोडवा संपला होता. "तुम्ही विनाकारण जातीवर नेताय, सर. मी फक्त स्वच्छतेसाठी पुसलं. आणि तुम्ही आधीच सांगितलं असतं तर..." मी विचारलं, सांगितलं असतं तर काय? तिनं फोन ठेवला.

तेवढंच मला हवं होतं, तर तेही मिळालं नाही.

लता मॅमनी दार लावून घेतलं. मेल परत घेता येतो का, म्हणाल्या. नाही म्हणालो. मग त्या खुर्चीत मागे टेकल्या, आणि पहिल्यांदाच माझ्याशी कडक बोलल्या. मी तुम्हाला वाचवत होते. आता प्रकरण व्यवस्थापनाकडे गेलंय. निर्णय होईपर्यंत वाचन बंद. दहावीचे तास तुमचे तुम्ही घ्या, तिथे काही अडचण नाही.

दहावीला मी पुस्तक मुलांच्या हातात देत नाही. म्हणून तिथे अडचण नसावी.

मी म्हणालो, वाचन बंद असल्याचं आणि त्याचं कारण, दोन्ही लिहून द्या.

"लेखी कशाला, सर?"

"नसेल तर गुरुवारी मी वर्गात येईन."

त्यांनी लिहून दिलं नाही. मंगळवारी दिलं नाही, आज बुधवारीही दिलं नाही. मी दोन्ही दिवस शाळा सुटेपर्यंत वाट पाहिली. काय लिहिणार? जे लिहिता येत नाही तेच इतकी वर्षं रुमालानं पुसलं जात आलंय, न बोलता, गोड आवाजात. बाबांना जिन्यात जे विचारलं गेलं त्याचाही कागद कुठे नव्हता. म्हणून त्यांनी स्वतःलाच गुन्हेगार ठरवलं आणि दाराजवळ जाऊन बसले. मी दाराजवळ बसणार नाही.

नोकरी जाईल का, माहीत नाही. जाऊ शकते. आई म्हणाली, पाहू. मुलं माझ्याकडे पूर्वीसारखी येतील का, तेही माहीत नाही. काहींना घरून मागे बसायला सांगितलं जाईल. ईशानला तर नक्की.

उद्या बारावा दिवस आहे. उद्या सव्वाअकराला मी दुसरी 'ब'च्या वर्गात जाणार आहे, केस विंचरून. कुणाला मला थांबवायचं असेल तर त्यानं दाराआडून बोलावू नये. आत यावं, त्या सत्तावीस मुलांसमोर उभं राहावं आणि मला का थांबवतोय ते सात वर्षांच्या मुलांना कळेल अशा शब्दांत सांगावं. कारण नीट सांगितलं जाईपर्यंत मी स्टुलावरून उठणार नाही. उद्या नाही, पुढच्या गुरुवारी नाही, त्याच्या पुढच्याही नाही.